ताता वास्को : कागदावरचे गाव जमिनीवर उतरविणारे बिशप

मेक्सिको देशाच्या पश्चिमेकडील मिचोआकान राज्यात, डोंगरांच्या कुशीत पात्स्क्वारो नावाचे एक विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या उत्तर काठावर सांता फे दे ला लागुना हे छोटेसे गाव वसलेले आहे. सांता फे म्हणजे पवित्र श्रद्धा. सरोवराकाठच्या या गावातील बहुतेक रहिवासी पुरेपेचा या आदिवासी समाजाचे असून ते आजही आपली मातृभाषा बोलतात. घरोघरी मातीची झिलईदार भांडी आणि नक्षीदार मेणबत्तीदाण्या घडविल्या जातात. गावाची जमीन गावाच्या सामाईक मालकीची आहे. येथील लहानथोर सारेच गावाच्या संस्थापकाचे नाव आदराने आणि घरच्या माणसाचे घ्यावे तसे घेतात. ते त्यांना ताता वास्को म्हणतात. पुरेपेचा समाजात वडिलांना आणि वडीलधाऱ्यांना ताता म्हणण्याची रीत आहे. आपल्या मराठीतील तात या शब्दाशी त्याचा नाद जुळावा, हा एक सुखद योगायोग होय.

हे ताता वास्को म्हणजे मिचोआकानचे पहिले बिशप वास्को दे किरोगा. एका थोर ख्रिस्ती विचारवंताने कल्पनेत रंगविलेले आदर्श गाव प्रत्यक्षात वसविण्याचा ध्यास त्यांनी घेतला. त्यासाठी त्यांनी आपला पगार, आपली कायद्याची विद्या आणि आयुष्याची पस्तीसेक वर्षे खर्ची घातली.

मेक्सिको आपल्याला दूरचा वाटतो. तरी त्या देशाशी आपला एक रक्ताचा धागा जुळलेला आहे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे ज्या २६ हुतात्म्यांनी क्रूसावर प्राणार्पण केले, त्यांत आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया होते आणि मेक्सिकोचे पहिले संत फिलिप दे हेसूसही होते. संत फिलिप यांच्या त्या मेक्सिकोत ख्रिस्तसभेची मुळे रुजत असतानाची ही कहाणी आहे.

न्यायाधीश म्हणून आगमन

वास्को दे किरोगा यांचा जन्म पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पेनमधील माद्रिगाल दे लास आल्तास तोर्रेस या नगरात झाला. राणी इझाबेला यांचे जन्मगावही तेच. किरोगा यांनी कायद्याचे शिक्षण घेतले आणि राजसेवेत प्रवेश केला. १५२५ च्या सुमारास ते उत्तर आफ्रिकेतील ओरान या स्पॅनिश ठाण्यावर न्यायाधीश होते. तेथे परधर्मीय आणि परभाषिक माणसांचे वाद त्यांच्यासमोर येत. शेजारच्या त्लेमसेन राज्याशी झालेल्या तहाच्या वाटाघाटींतही त्यांचा सहभाग होता. जिंकलेला आणि जिंकणारा यांच्यामध्ये न्यायाची तागडी सरळ धरणे किती कठीण असते, याचा पहिला धडा त्यांना तेथे मिळाला असावा.

त्या काळी मेक्सिकोला नवा स्पेन म्हणत. १५२१ मध्ये एर्नान कोर्तेसने अझ्टेकांची राजधानी जिंकली होती. त्यानंतर कारभारासाठी राजाने एक न्यायमंडळ नेमले. त्याचा अध्यक्ष नून्यो दे गुझमान हा अत्यंत क्रूर व लोभी निघाला. स्थानिक लोकांना गुलाम करून विकणे, खाणींत राबविणे, सोन्यासाठी त्यांच्या प्रमुखांचा छळ करणे हेच त्याच्या राजवटीचे स्वरूप होते. मेक्सिकोचे फ्रान्सिस्कन बिशप हुआन दे सुमार्रागा यांनी या अत्याचारांविरुद्ध आवाज उठविला. गुझमानची माणसे पत्रे अडवीत असल्यामुळे त्यांना आपली तक्रार लपवून स्पेनला पाठवावी लागली. ती राजदरबारी पोहोचली, गुझमानचे मंडळ बरखास्त झाले आणि दुसरे न्यायमंडळ नेमण्यात आले. सांतो दोमिंगोचे बिशप सेबास्तियान रामिरेस दे फुएनलेआल हे त्याचे अध्यक्ष होते आणि न्यायाधीशांपैकी एक होते वास्को दे किरोगा. १५३१ च्या आरंभी ते मेक्सिको नगरीत दाखल झाले. ते तेव्हा धर्मगुरू नव्हते. ते सामान्य प्रापंचिक श्रद्धावंत होते.

न्यायासनावर बसताच त्यांच्यासमोर उद्ध्वस्त समाज उभा राहिला. युद्धाने आणि देवीच्या साथीने घरेच्या घरे ओस पडली होती. आईबापांविना पोरकी झालेली मुले बाजारात जनावरांपुढचे उष्टे वेचून खात होती. गुलामांच्या चेहऱ्यांवर तापलेल्या लोखंडाने मालकाची अक्षरे उठविलेली असत. गुलाम एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला की नवी अक्षरे उठत. चेहरा जणू व्यवहाराचा कागदच होऊन जाई. ज्यांना आपण स्वतंत्र होतो हे सिद्ध करायचे होते, असे असंख्य लोक किरोगा यांच्याकडे दाद मागू लागले. किरोगा यांनी चार स्थानिक जाणत्या न्यायकर्त्यांना आपल्याजवळ बसवून घेतले, त्यांच्याकडून तेथील रूढी समजून घेतल्या आणि मग निवाडे दिले. परक्या भूमीत आलेल्या सत्ताधाऱ्याने स्थानिकांना शेजारी बसवावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

एका ग्रंथाची ओढ

निवाडे देता देता किरोगा यांच्या लक्षात आले की एकेका माणसाला मुक्त करून प्रश्न सुटत नाही. मुक्त झालेला माणूस जाणार कोठे? त्याचे घर मोडलेले, शेत गेलेले, कुळ पांगलेले. त्याला पुन्हा उभे राहण्यासाठी गाव हवे होते. १५३१ च्या ऑगस्ट महिन्यातच त्यांनी स्पेनच्या राजमंडळाला पत्र पाठवून अशी गावे वसविण्याची योजना मांडली.

या योजनेमागे एक ग्रंथ होता. इंग्लंडचे विद्वान कायदेपंडित थॉमस मोर यांनी १५१६ मध्ये युटोपिया हे पुस्तक प्रसिद्ध केले होते. युटोपिया या ग्रीक धाटणीच्या शब्दाचा अर्थ कोठेही नसलेली जागा असा होतो. त्या काल्पनिक बेटावर खाजगी मालमत्ता नाही, प्रत्येक जण दिवसाला सहा तास काम करतो, प्रत्येकाला शेती येते, धान्य सामाईक कोठारातून गरजेप्रमाणे मिळते आणि सोन्याला कोणी किंमत देत नाही. युरोपातील विद्वानांनी ते पुस्तक चवीने वाचले. त्यातील विनोद, उपरोध आणि विचार यांवर चर्चा केल्या. किरोगा यांनी मात्र ते एखाद्या बांधकामाच्या आराखड्यासारखे वाचले. बिशप सुमार्रागा यांच्या संग्रही या ग्रंथाची प्रत होती. ती आज अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवलेली आहे. मोर यांच्या कल्पनेचा आपण आधार घेतला, हे किरोगा यांनी स्वतःच आपल्या लेखनात नमूद केले होते. तथापि हा संबंध जगाच्या विस्मरणात गेला. १९३७ मध्ये मेक्सिकोचे इतिहासकार सिल्व्हियो सावाला यांनी तो पुन्हा प्रकाशात आणला.

किरोगा यांना मोर यांच्या बेटात आणखी काही दिसले. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथात आरंभीच्या ख्रिस्ती समूहाचे वर्णन आहे. ते लोक आपले सर्व काही सामाईक मानीत आणि त्यांच्यात कोणी गरजवंत उरत नसे. युरोपातील ख्रिस्ती समाज संपत्तीच्या आणि मानापमानाच्या मागे लागून त्या आदर्शापासून दूर गेला आहे, असे किरोगा यांना वाटत होते. मेक्सिकोतील साधी, निर्लोभी, श्रमाळू माणसे पाहून त्यांच्या मनात आशा निर्माण झाली की, ती पहिली ख्रिस्तसभा येथे पुन्हा अवतरू शकेल.

राजाच्या खजिन्यातून मोठी मदत येण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. १५३२ मध्ये त्यांनी आपल्या पगारातून मेक्सिको नगरीच्या पश्चिमेला, दोन कोसांच्या अंतरावर जमीन विकत घेतली आणि पहिले सांता फे वसविले. या वसाहतीला ते ओस्पिताल म्हणत. आपल्या भाषेत रुळलेला इस्पितळ हा शब्दही त्याच कुळातला आहे. परंतु त्या काळी त्याचा अर्थ केवळ आजाऱ्यांवर उपचार करण्याची जागा एवढाच नव्हता. वाटसरूंची धर्मशाळा, अनाथांचे घर, भुकेल्यांचे अन्नछत्र आणि रुग्णांची शुश्रूषा हे सारे त्या एका शब्दात सामावलेले होते. किरोगा यांनी तर संपूर्ण गावच इस्पितळ केले.

सरोवराकाठचे गाव

पश्चिमेकडील मिचोआकान हे पुरेपेचा लोकांचे बलाढ्य राज्य होते. अझ्टेकांनाही ते कधी जिंकता आले नव्हते. त्यांचा शेवटचा राजा दुसरा तांगाशुआन याने स्पॅनिश लोकांशी युद्ध टाळले, बाप्तिस्मा स्वीकारला आणि फ्रान्सिस्को हे नाव घेतले. त्याने सोने दिले, माणसे दिली. तरीही नून्यो दे गुझमानने त्याचा छळ करून १४ फेब्रुवारी १५३० रोजी त्याला ठार मारले. राजाचीच ही गत झाल्यावर प्रजा भयभीत होऊन डोंगरांत पळाली. ख्रिस्ती धर्माचे नाव सांगणाऱ्यांनीच हे कृत्य केले होते. त्यामुळे सुवार्तेचा शब्द ऐकायला कोण थांबणार?

१५३३ मध्ये न्यायमंडळाने किरोगा यांना पाहणीसाठी मिचोआकानला पाठविले. तेथील जखम त्यांनी ओळखली. कोरडे आश्वासन देऊन विश्वास परत येणार नव्हता. म्हणून त्याच वर्षी त्यांनी सरोवराच्या काठी दुसरे सांता फे वसविले. हेच आपण आरंभी पाहिलेले सांता फे दे ला लागुना. हळूहळू डोंगरांत गेलेली माणसे खाली उतरू लागली. अनाथ मुले, विधवा, घरदार हरवलेली कुटुंबे तेथे आसऱ्याला आली आणि नांगर धरू लागली.

गावाचे नियम

किरोगा यांनी दोन्ही गावांसाठी सविस्तर नियमावली लिहिली. ती वाचताना कायदेपंडिताची शिस्त आणि पित्याची काळजी एकाच वेळी जाणवते.

जमीन सामाईक असे. ती विकण्याचा अधिकार कोणालाही नव्हता. प्रत्येक कुटुंबाला घराजवळ परसबाग मिळे, परंतु ती वापरापुरती, मालकी गावाची. एका मोठ्या घरात आठ, दहा किंवा बारा विवाहित जोडपी आपल्या कुळातील वडीलधाऱ्याच्या अधिकाराखाली राहत. आपल्याकडील जुन्या एकत्र कुटुंबाचे चित्र त्यावरून सहज डोळ्यांसमोर यावे.

काम दिवसाला सहा तास. त्यापेक्षा अधिक राबविण्यास मनाई होती. खाणींत माणसे मरेपर्यंत राबविली जात होती, त्या काळात हा नियम लिहिला गेला, हे ध्यानात घेतले पाहिजे. सुतारकाम, विणकाम, गवंडीकाम, लोहारकाम असे काही ना काही कौशल्य प्रत्येकाने शिकावे. शेती मात्र सर्वांनाच आली पाहिजे. मुलांना अक्षरओळख आणि धर्मशिक्षण यांबरोबर शेतात नेऊन खेळीमेळीने नांगरट व पेरणी शिकविली जाई. त्यांच्या शेतात जे पिके ते त्यांच्यातच वाटले जाई. मुली लोकर व कापूस कातायला आणि विणायला शिकत.

पिकाची वाटणी गरजेप्रमाणे होई. उरलेला भाग आजारी, विधवा, अनाथ, वृद्ध आणि वाटसरू यांच्यासाठी राखून ठेवला जाई. दरवर्षी गरजेपेक्षा जास्त पेरावे आणि पुढील हंगामाचे पीक हाती येण्याची खात्री होईपर्यंत शिल्लक धान्य विकू नये, असाही नियम होता. दुष्काळात गाव सावकाराच्या दारी जाऊ नये, ही त्यामागील दूरदृष्टी होती.

गावाच्या मध्यभागी रुग्णांसाठी चौसोपी इमारत असे. संसर्गजन्य आजाराच्या रुग्णांसाठी एक बाजू आणि इतर रुग्णांसाठी दुसरी. मध्ये वेदी अशा रीतीने बांधलेली की, अंथरुणावरील रुग्णालाही पवित्र मिस्सा ऐकता यावी. १५४५ पासून मेक्सिकोवर भयंकर साथीचे संकट कोसळले आणि अगणित माणसे दगावली. त्या वेळी अशा व्यवस्थेचे मोल काय असेल, ते वेगळे सांगण्याची गरज नाही.

कारभारी गुप्त मतदानाने निवडले जात. मुख्य कारभारी तीन किंवा सहा वर्षांसाठी, इतर दरवर्षी. गावात वास्तव्य करणारा स्पॅनिश माणूस एकच, तो म्हणजे रेक्टर धर्मगुरू. भांडण झाले तर कोर्टाची पायरी न चढता आपसात, रेक्टर आणि कारभाऱ्यांसमोर मिटवावे. कपडे साधे, पांढरे, घरी विणलेले असावेत.

मोर यांच्या कल्पनेशी हे सर्व बरेचसे जुळते. परंतु एका बाबतीत शिष्य गुरूच्या पुढे गेला. मोर यांच्या काल्पनिक बेटावर गुलाम होते. किरोगा यांच्या गावात गुलामाला जागा नव्हती.

गुलामगिरीविरुद्ध लेखणी

१५३० मध्ये राजाने नव्या स्पेनमध्ये माणसांना गुलाम करण्यास बंदी घातली होती. वसाहतवाल्यांच्या दबावापुढे नमून १५३४ मध्ये ती उठविण्यात आली. युद्धात पकडलेल्यांना आणि स्थानिक प्रमुखांकडून विकत घेतलेल्यांना गुलाम करण्याची पुन्हा मोकळीक मिळाली. न्यायमंडळाच्या सदस्याने राजाज्ञा निमूटपणे पाळावी अशी अपेक्षा असते. किरोगा यांनी तसे केले नाही. त्यांनी राजमंडळाला उद्देशून एक विस्तृत कायदेशीर निवेदन लिहिले. त्यावर २४ जुलै १५३५ ही तारीख आहे.

त्यातील त्यांचा युक्तिवाद कुशल वकिलाचा होता. स्थानिक समाजात ज्यांना गुलाम म्हटले जाते ते रोमन कायद्यातील गुलाम नव्हेतच, असे त्यांनी दाखविले. ती माणसे आपले श्रम दुसऱ्याला देतात. त्यांचे घर, कुटुंब, मालमत्ता आणि स्वातंत्र्य त्यांच्याकडेच राहते. म्हणून त्यांना गुलाम म्हणून विकत घेणे हा कायद्याचा भंग आहे. याच निवेदनात त्यांनी थॉमस मोर यांचा गौरवाने उल्लेख केला आणि त्यांच्या आदर्श राज्याच्या धर्तीवर येथील समाजरचना व्हावी असे सुचविले.

किरोगा यांना ठाऊक नव्हते की, त्याच महिन्याच्या ६ तारखेला लंडनमध्ये मोर यांचा शिरच्छेद झाला होता. राजाला ख्रिस्तसभेचा प्रमुख मानण्यास नकार दिल्याबद्दल त्यांनी देहदंड स्वीकारला. मोर हुतात्मा झाल्यानंतर अठराव्या दिवशी, महासागरापलीकडे, त्यांच्या ग्रंथाच्या आधारे एक न्यायाधीश दुर्बलांचा कैवार घेत होता. पुढे १५३७ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी अमेरिकेतील स्थानिक लोक हे पूर्ण अर्थाने मानव असून त्यांचे स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, असे जाहीर केले.

न्यायासनावरून वेदीकडे

१५३६ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी मिचोआकान धर्मप्रांताची स्थापना केली. बिशपपदासाठी वास्को दे किरोगा यांचे नाव पुढे आले. ते धर्मगुरू नव्हते, ही अडचण होती; पण ख्रिस्तसभेला ती नवी नव्हती. चौथ्या शतकात मिलानचे राज्यपाल असलेले संत अॅम्ब्रोस यांनाही असेच थेट बिशपपदावर बोलावण्यात आले होते. किरोगा यांना गुरुदीक्षेच्या सर्व पायऱ्या अल्पावधीत देण्यात आल्या आणि बिशप सुमार्रागा यांच्या हस्ते त्यांचा बिशपपदाचा दीक्षाविधी झाला. १५३८ मध्ये त्यांनी पुरेपेचांची जुनी राजधानी त्सिन्त्सुन्त्सान येथे धर्मप्रांताची सूत्रे हाती घेतली. लवकरच त्यांनी आपले पीठ जवळच्या पात्स्क्वारो नगरीत हलविले.

१५४० मध्ये त्यांनी तेथे संत निकोलस यांच्या नावाने विद्यालय सुरू केले. धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्या तरुणांना तेथे शिक्षण मिळे. स्थानिक भाषा शिकल्याविना त्यांचे शिक्षण पुरे होत नसे. सांता फेच्या मुलांनाही तेथे मोफत शिकता येई. एकाच अंगणात स्पॅनिश आणि पुरेपेचा मुले वावरत व एकमेकांची भाषा उचलत. हे विद्यालय १५८० मध्ये वायादोलिद, म्हणजे आजच्या मोरेलिया, नगरीत गेले. मेक्सिकोच्या स्वातंत्र्यलढ्याचे प्रणेते धर्मगुरू मिगेल हिदाल्गो याच विद्यालयात शिकले आणि पुढे त्याचे रेक्टर झाले. त्यांचे सहकारी धर्मगुरू होसे मारिया मोरेलोस हेदेखील तेथील विद्यार्थी. विद्यालय आजही हिदाल्गो यांच्या नावाने चालू आहे.

पात्स्क्वारोच्या इस्पितळासाठी बिशप किरोगा यांनी पवित्र मरियेची मूर्ती घडवून घेतली. ती मक्याच्या ताटांचा लगदा करून बनविली आहे. पूर्वी पुरेपेचा कारागीर आपल्या देवतांच्या मूर्ती याच पद्धतीने बनवीत, कारण त्या वजनाला हलक्या असत. बिशपांनी ती कला मोडीत न काढता मरियामातेच्या चरणी आणली. आरोग्यमाता म्हणून ती मूर्ती आज पात्स्क्वारोच्या बॅसिलिकेत विराजमान आहे आणि हजारो यात्रेकरू तिच्या दर्शनाला येतात.

सरोवराच्या आसमंतातील गावांत वेगवेगळे हस्तोद्योग आहेत. सांता क्लारात तांब्याची भांडी, पाराचोत गिटारी, सांता फेमध्ये मातीकाम. प्रत्येक गावाला एक कसब देऊन त्यांचा परस्परांशी व्यापार बिशपांनी जोडून दिला, असे लोकपरंपरा सांगते. यातील कित्येक कला त्यांच्या आधीपासून होत्या, हे खरे. तथापि मोडून पडलेल्या समाजाला त्याचे हात परत मिळवून देण्यात त्यांचा वाटा मोठा होता.

मातीचे पाय

थोर माणसांची चरित्रे लिहिताना त्यांच्या उणिवा झाकण्याचा मोह होतो. ताता वास्को यांना त्याची गरज नाही.

१५३६ मध्ये न्यायाधीश म्हणून त्यांच्या कारभाराची रीतसर चौकशी झाली. सांता फेची घरे बांधताना त्यांनी स्थानिक लोकांना जबरीने राबविले, असा आरोप त्यात होता. बिशप सुमार्रागा यांनी त्यांच्या बाजूने साक्ष दिली आणि ते निर्दोष ठरले. तरी प्रश्न उरतोच, कारण चांगले गावही कोणाच्या तरी घामातूनच उभे राहते. त्यांच्या नियमांत पित्याची माया होती, तशी पित्याची करडी शिस्तही होती. कोणी काय नेसावे, कोणी केव्हा लग्न करावे हे सारे तेच ठरवीत. मुलींचे लग्न बाराव्या वर्षापासून लावण्यास त्यांनी मुभा दिली होती, हे आजच्या वाचकाला रुचणार नाही. नियम न पाळणाऱ्याला गावाबाहेर काढले जाई. स्पेनच्या सत्तेलाही त्यांचा तत्त्वतः विरोध नव्हता. बिशप बार्तोलोमे दे लास कासास यांच्याइतकी टोकाची भूमिका त्यांनी घेतली नाही.

व्रतस्थ संघांशीही त्यांचे पटेनासे झाले. ऑगस्टिनियन संघाचे विद्वान आलोन्सो दे ला वेराक्रूस यांच्याशी अधिकाराचा आणि दशमांशाचा वाद झाला. फ्रान्सिस्कन मातुरिनो हिल्बेर्ती यांनी पुरेपेचा भाषेत लिहिलेला धर्मशिक्षणाचा ग्रंथ १५५९ मध्ये प्रसिद्ध झाला. बिशपांनी त्यावर आक्षेप घेऊन त्याचा प्रसार रोखला. पात्स्क्वारोत पाच दालनांचे भव्य कॅथेड्रल उभारण्याचा त्यांचा बेतही अपुरा राहिला. त्यातील एकच दालन पूर्ण झाले.

मात्र त्यांचा हाच भांडखोर वकिली स्वभाव गावांच्या कामी आला. हुआन इन्फान्ते नावाच्या वसाहतवाल्याने सरोवराकाठच्या वस्त्यांवर हक्क सांगितला. बिशप वर्षानुवर्षे त्याच्याशी खटला लढत राहिले. १५४७ मध्ये ते स्पेनला गेले आणि १५५४ मध्ये परतले. तो सर्व काळ आपल्या धर्मप्रांताचे आणि गावांचे हक्क राजदरबारी मांडण्यात गेला. परतीच्या प्रवासात त्यांनी सांतो दोमिंगोहून केळीची रोपे आणली, अशी आठवण मिचोआकानमध्ये अजूनही सांगितली जाते.

मृत्युपत्र आणि दोन गावांची गत

२४ जानेवारी १५६५ रोजी वृद्ध बिशपांनी आपले मृत्युपत्र केले. दोन्ही सांता फे आणि संत निकोलस विद्यालय ही आपली लेकरे असल्यासारखी त्यांनी एकमेकांच्या आधाराने बांधून ठेवली. गावांच्या जमिनी, त्यांचे उत्पन्न, रेक्टरची नेमणूक, मुलांच्या मोफत शिक्षणाचा हक्क यांची तरतूद करून ठेवली. नियमावली कायम पाळली जावी असे बजावले. १४ मार्च १५६५ रोजी त्यांचे निधन झाले. उरुआपान येथे धर्मप्रांताच्या भेटीवर असताना मृत्यू आला, असे परंपरा मानते. त्यांच्या अस्थी पात्स्क्वारोच्या बॅसिलिकेत आहेत.

१५८० मध्ये बिशपपीठ वायादोलिदला हलविण्यात आले आणि पात्स्क्वारोचे वैभव ओसरले. गावे मात्र टिकली. काळाच्या ओघात नियम शिथिल झाले. एकोणिसाव्या शतकात, १८५६ च्या कायद्याने, ख्रिस्तसभेच्या व गावसमूहांच्या सामाईक जमिनींवर गदा आली.

आज दोन सांता फेंची गत अगदी वेगळी आहे. मेक्सिको नगरीजवळचे पहिले सांता फे शहराच्या पोटात गेले. तेथील टेकड्या वाळूसाठी पोखरल्या गेल्या, मग खड्ड्यांत शहराचा कचरा टाकला गेला. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे काचेच्या गगनचुंबी इमारती, बँका, मॉल उभे राहिले. सांता फे हे नाव आता त्या महानगरातील श्रीमंतीचे प्रतीक झाले आहे. जुन्या गावाचा एक लहानसा भाग त्या झगमगाटाच्या कडेला अजून तग धरून आहे.

सरोवराकाठच्या सांता फेने मात्र आपली जमीन सोडली नाही. शेजारच्या कोकुपाओ नगराला १८५२ मध्ये बिशपांच्या स्मरणार्थ किरोगा हे नाव देण्यात आले. १९७९ मध्ये याच किरोगा नगरातील पशुपालकांशी सांता फेच्या सामाईक जमिनीवरून संघर्ष पेटला आणि त्यात सांता फेच्या गावकऱ्यांचे रक्त सांडले. नगराने बिशपांचे नाव घेतले होते. जमीन कोणाची विक्रीची वस्तू नव्हे, हा त्यांचा नियम मात्र गावाने राखला होता.

फेब्रुवारी २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी मोरेलियात धर्मगुरू व व्रतस्थांसमवेत मिस्सा अर्पण केली, तेव्हा ताता वास्को यांचा बिशपदंड त्यांच्या हाती होता. डिसेंबर २०२० मध्ये पोप महाशयांनी त्यांच्या सद्गुणांना अधिकृत मान्यता दिली आणि ते वंदनीय म्हणून घोषित झाले. त्यांचे स्फूर्तिदाते थॉमस मोर १९३५ मध्येच संतपदाला पोहोचले होते.

बंधुभगिनींनो, आपल्या धर्मग्रामांतही सेवेच्या अनेक चांगल्या कल्पना जन्माला येतात. एखाद्या सभेत उत्साह दाटून येतो, दोन-तीन वर्षे काम चालते आणि पुढाकार घेणारी व्यक्ती दूर झाली की सारे थंडावते. ताता वास्को यांची करुणा ज्वलंत होतीच, पण त्यांनी तिला जमिनीचा कागद, धान्याचा साठा, शाळा, नियमावली आणि मृत्युपत्र यांची जोड दिली. गरिबावर दया करणे हा पुण्याचा आरंभ आहे. आपण नसतानाही त्याच्या वाट्याचे त्याला मिळत राहील अशी व्यवस्था लावून जाणे, हे त्या पुण्याचे पूर्ण रूप आहे. कोठेही नसलेली जागा असे ज्या गावाचे नाव होते, ते गाव जवळजवळ पाचशे वर्षे एका सरोवराकाठी नांदत आहे. आपल्या धर्मग्रामात दुर्बलांसाठी आपण काय मागे ठेवून जाणार आहोत, याचा विचार प्रार्थनापूर्वक करू या.